मृगाचा तेजोमेघ येतो, रोझेट येत नाही: १३० एमएम न्यूटोनियन, ईक्यू५ आणि साधा डीएसएलआर

टिळकवाडी_गच्ची

नमस्कार मंडळी. सामान आधीच सांगतो, म्हणजे पुन्हा विचारायला नको. १३० एमएम एफ/५ न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण, फोकल लेंथ ६५० एमएम), ईक्यू५ माउंट (ताऱ्यांच्या चालीनं फिरणारी बैठक) गोटूसह (आपोआप लक्ष्याकडे वळणारी), कॅनन १३००डी मॉडिफाय न केलेला (सेन्सरपुढचा मूळ फिल्टर तसाच), कोमा करेक्टर (कडेच्या ताऱ्यांच्या शेपट्या घालवणारं भिंग), टी-रिंग (कॅमेरा जोडायची कडी). गायडिंग (दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्यानं तारा पाहून माउंट सुधारत राहणं) नाही. निम्मे फोटो बेळगावच्या टिळकवाडीतल्या गच्चीवरून, निम्मे जांबोटीजवळच्या एका शेतातून. आयएसओ १६००, ६० सेकंदांच्या ९० फ्रेम, २० डार्क (झाकण लावून, तेवढ्याच वेळाच्या), २० फ्लॅट (सारख्या पांढऱ्या उजेडाच्या), बायस (झाकण लावून, क्षणभराच्या) नाहीत. स्टॅकिंग (सगळ्या फ्रेम एकत्र करणं) सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये.

तीन फ्रेममागे एकीत तारे गोल येतात, बाकी दोन्हींत लांबोडके. ध्रुव तारा पोलर स्कोपच्या (माउंटच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीच्या) बरोबर मध्यावर आणून ठेवतो, तरी हे असं. गच्चीवर तर ध्रुव शेजारच्या नारळामागे जातो.

डाव्या वरच्या कोपऱ्यातच ताऱ्यांना शेपट्या आहेत, इतर तीन कोपरे बरे.

फ्लॅट लावले की कडा मध्यापेक्षा उजळ होतात. न लावता चित्र जास्त बरं दिसतं. फ्लॅट सकाळी हॉलमध्ये लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यावर घेतो.

स्टॅक झालेलं चित्र काळंकुट्ट येतं. ताणलं (अंधुक भाग उजळवला) की सगळीकडे तिरक्या रंगीत रेघा, पाऊस पडल्यासारख्या.

आणि मुख्य म्हणजे मृगातला एम ४२ झकास येतो, पण रोझेट या लाल तेजोमेघाच्या जागी नुसता मळकट डाग. हाताशी वीस हजार आहेत. ड्युअल बँड फिल्टर (हायड्रोजन आणि ऑक्सिजनचाच उजेड सोडणारा) घेऊ की कॅमेरा मॉडिफाय करून घेऊ?


खानापूर_स्टेशन

तीन फ्रेममागे एक चांगली म्हणालात, दोषाचं निदान त्यातच आहे. नुसती पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडं लावणं) चुकली असती तर लागोपाठच्या सगळ्या फ्रेम साधारण सारख्याच आणि एकाच दिशेनं लांबल्या असत्या. काही गोल, काही लांब याचा अर्थ वर्मची (माउंट फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरची) पिरियॉडिक एरर, म्हणजे दर फेऱ्याला परत येणारी चूक. ईक्यू५ च्या आरए (ताऱ्यांमागं फिरणाऱ्या अक्षाच्या) चाकाला १४४ दाते, त्यामुळे वर्मचा एक फेरा जवळपास दहा मिनिटांचा. या वर्गातल्या माउंटवर तेवढ्या वेळात तारा ३०-४० आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) पुढं-मागं डुलतो. ३५ धरा. फेऱ्यातल्या सगळ्यात वेगवान मिनिटाला सुमारे ११ आर्कसेकंद सरकला. तुमचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा, ६५० फोकल लेंथवर एक पिक्सेल म्हणजे १.३६ आर्कसेकंद. वाईट मिनिटात आठ पिक्सेलची रेघ, आणि डुलण्याच्या दोन टोकांशी जवळपास शून्य. तुमच्या गोल फ्रेम त्या टोकांवरच्या आहेत. याला गायडिंग हाच इलाज. वीस हजारांतले पहिले पैसे तिथं जाऊ देत.

आता ध्रुवाचं. ध्रुव तारा म्हणजे खगोलीय ध्रुव नव्हे. तो खऱ्या ध्रुवापासून ४० आर्कमिनिटांच्या (६० चा एक अंश) आसपास दूर आहे, म्हणून पोलर स्कोपमध्ये वर्तुळ काढलेलं असतं. ध्रुव त्या वर्तुळावर, त्या वेळेच्या स्थितीत ठेवायचा असतो. मध्यावर ठेवला की चूकही ४० आर्कमिनिटांची. हिशेब सोपा: अलाइनमेंटमधल्या दर आर्कमिनिटामागे तारा मिनिटाला जास्तीत जास्त ०.२६ आर्कसेकंद सरकतो. ४० ला साधारण १० आर्कसेकंद, म्हणजे सात पिक्सेल. वर्मच्या डुलण्यावर हे वरून. गायडिंग लावलं तरी एवढी चूक ठेवू नका, कारण मग गायडर डेक्लिनेशनच्या (दुसऱ्या अक्षाच्या) मोटरला सतत एकाच बाजूला ढकलत बसतो आणि शिवाय चित्र गाइड ताऱ्याभोवती हळूहळू फिरतं.

आपल्याकडे ध्रुव जेमतेम १६ अंशांवर. युरोपातल्या व्हिडिओत तो पन्नास अंशांवर लखलखीत दिसतो, इथं धूर, धुकं, नारळ, शेजाऱ्याची पाण्याची टाकी, सगळं त्याच पट्ट्यात. त्यामुळे ध्रुवावर अवलंबूनच राहू नका. लॅपटॉपवर नीना (कॅमेरा आणि माउंट चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, त्यात थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंटचं प्लगइन घ्या आणि प्लेट सॉल्व्हिंगला (फोटोतले तारे ओळखून दिशा काढायला) अस्टॅप. आकाशाच्या मोकळ्या भागात आरए अक्ष फिरवत ते तीन फोटो काढतं, तारे ओळखतं आणि उंचीत किती, दिगंशात किती चूक ते आकड्यात सांगतं. ध्रुव दिसायची गरज नाही. शार्पकॅपची जुनी पद्धत मात्र ध्रुवाजवळचाच भाग मागते, ती गच्चीवर उपयोगाची नाही. चूक दोन आर्कमिनिटांखाली आली की थांबा, त्याखाली झटत बसू नका.

उंचीचे दोन बोल्ट एकमेकांविरुद्ध ढकलतात. एक सैल केल्याशिवाय दुसरा आवळला तर बोल्ट वाकतो. शेवटची हालचाल नेहमी वर नेणारी ठेवा, म्हणजे वजनानं माउंट नंतर बसत नाही.

पीएचडी२ या गायडिंगच्या सॉफ्टवेअरचं कॅलिब्रेशन खगोलीय विषुववृत्ताजवळ आणि मध्यमंडळाजवळ (आकाशाची उत्तर-दक्षिण मधली रेघ) करायचं असतं. त्यासाठी शोधाशोध नको, मृगातल्या बाणाचे तीन तारे दक्षिणेकडं डोक्यावर आले की तिथंच करा. ३० एमएमचा गाइड स्कोप पुरतो, ५० चा असेल तर उत्तम. एक्सपोजर २ ते ३ सेकंद. त्याहून कमी ठेवलंत तर हवेच्या थरथरीमागं माउंट पळत सुटतं. एकूण आरएमएस (गायडिंगची सरासरी चूक) एक आर्कसेकंदाच्या आसपास आला की तुमच्या पिक्सेलला बास.


उद्यमबाग_लेथ

वरच्या उत्तरात एक राहिलं. १६ अंशांवर आरए अक्ष जवळपास आडवा होतो आणि काउंटरवेटचा दांडा खाली लोंबून उत्तरेकडच्या पायाला घासतो. गोटूनं एखाद्या दिशेला वळवताना वजन पायावर आपटलं की मोटरचे दाते घसरतात आणि अलाइनमेंट गेली. ट्रायपॉड असा फिरवा की उत्तरेला पाय न येता दोन पायांमधली फट यावी, असा एक उपाय सांगतात. पण माउंटचं डोकं उत्तरेलाच कललेलं असतं, तिथला पाय काढला की वाऱ्यात डुगडुगतं. त्यापेक्षा मधे आठ इंचांचा पायर एक्स्टेंशन (माउंट उंच करणारा खांब) घाला. विकत महाग पडतो. आपल्या उद्यमबागेत कुठल्याही लेथवर होतो की. पाच-सहा इंची एमएस पाइप, दोन्ही तोंडं फेस (लेथवर सपाट) करून घ्यायची, वर-खाली १० एमएमच्या प्लेटी वेल्ड करून परत फेस मारायचा. वेल्डिंगनं प्लेट ओढली जाते, म्हणून वेल्डनंतरचा फेस सोडू नका. माप कागदावर नेऊ नका, माउंटचा तळ आणि ट्रायपॉडचं डोकं दोन्ही बरोबर न्या आणि त्यावरच बसवून घ्या. पावडर कोटिंग बसणाऱ्या तोंडांवर नको.

एक्स्टेंशननं दुसराही फायदा. रोझेट इथून ७९ अंशांपर्यंत चढतो, अगदी डोक्यावर. त्या वेळी नळीचा मागचा भाग पायाला लागायची भीती असते, ती जाते. मेरिडियन फ्लिप (मध्यमंडळ ओलांडल्यावर नळी दुसऱ्या बाजूला वळवणं) मात्र करावाच लागतो.

कोपऱ्यातल्या शेपट्यांबद्दल: कोमा करेक्टरचं अंतर चुकलं असतं तर चारी कोपरे सारखे बिघडले असते. एकच कोपरा म्हणजे टिल्ट, काहीतरी तिरकं बसलंय. फोकसरच्या तोंडाशी एकाच स्क्रूनं आवळता का? कॅमेऱ्याच्या वजनानं करेक्टर तिरका बसतो. कॉम्प्रेशन रिंग किंवा सरळ आट्यांचा जोड घ्या. तपासायला सोपं: कॅमेरा फोकसरमध्ये ९० अंश फिरवून तोच भाग काढा. शेपट्या फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात राहिल्या तर कॅमेरा किंवा टी-रिंग तिरकी. दुसऱ्या कोपऱ्यात गेल्या तर फोकसर किंवा आरशांचं कोलिमेशन (आरसे एका रेषेत असणं). जांबोटीच्या रस्त्यावर हादरे खाल्लेल्या नळीचं कोलिमेशन तिथं पोचल्यावर बघायचं, घरून निघताना नव्हे.

अंतराचंही सांगून टाकतो. करेक्टरपासून सेन्सरपर्यंत ५५ एमएम लागतात. कॅननचा फ्लँज (कॅमेऱ्याचं तोंड ते सेन्सर) ४४, टी-रिंग ११, झाले ५५. मधे काही घालू नका. उद्या करेक्टर आणि सेन्सरच्या मधे २ एमएम जाडीचा फिल्टर आला तर अंतर जाडीच्या एक तृतीयांशानं, म्हणजे ०.७ एमएमनं वाढवावं लागतं. तेवढ्याचा वॉशर घाला.


निपाणी_बायपास

फ्लॅट मी घेतो. (घेतो म्हणजे उत्तर द्यायला घेतो.)

कडा उजळ होतात याला ओव्हरकरेक्शन म्हणतात, आणि तुमच्या पोस्टमध्येच फ्लॅट बिघडवणारी तीन कारणं आहेत. एक, बायस नाहीत. फ्लॅटमध्ये कॅमेऱ्याचा स्वतःचा ठरलेला आकडा मिसळलेला असतो, तो वजा केला नाही तर भागाकार चुकतो. झाकण लावून १/४००० सेकंदाचे ५० बायस काढा, त्याच आयएसओवर. हे सोफ्यावर बसूनही होतं, एकदा काढले की महिनोन् महिने चालतात.

दोन, सकाळी हॉलमध्ये. रात्री कॅमेरा उतरवून आणला असणार. फ्लॅटचा सगळा अर्थ इतकाच की धुळीचे ठिपके आणि कडेची सावली रात्री जिथं होती तिथंच पकडायची. कॅमेरा एक अंशही फिरला किंवा फोकस हलला तर त्या फ्लॅटनं फायद्याऐवजी नुकसान. शूटिंग संपलं की जागेवरच फ्लॅट, मगच सोडायचं.

तीन, आणि हे न्यूटोनियनवाल्यांना हमखास नडतं: नळीचं मागचं तोंड उघडं असतं. आरशाच्या कडेनं प्रकाश आत येतो. हॉलमधल्या उजेडात तो फ्लॅटमध्ये शिरतो, गच्चीवर शेजाऱ्याच्या एलईडीचा उजेड आकाशाच्या फ्रेममध्ये शिरतो. मागं काळं जाड कापड किंवा अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी काळ्या रंगात घाला. डार्क काढताना व्ह्यूफाइंडरही झाका, डीएसएलआरमध्ये तिथूनही गळतं.

फ्लॅटसाठी जुनं पांढरं धोतर दुहेरी घडीनं नळीच्या तोंडावर ताणून बांधा, सुरकुती नको, आणि सूर्यास्तानंतर डोक्यावरच्या आकाशाकडं तोंड करा. आपल्याकडं संधिप्रकाश झपाट्यानं उतरतो, दहा-पंधरा मिनिटंच मिळतात. म्हणून शूटिंगच्या शेवटी पहाटेच्या उजेडात केलेलं बरं. घाई असेल तर टॅब्लेटचा पांढरा पडदा त्याच धोतरावरून. हिस्टोग्राम मध्यावर येईल असं एक्सपोजर, २५-३० फ्रेम.

डार्कबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. डीएसएलआरला थंड करायची सोय नाही. सेन्सरचा डार्क करंट दर सहा-सात अंशांना दुप्पट होतो. जानेवारीत संध्याकाळी २२ अंश आणि पहाटे १४ असेल तर एकच डार्कचा गठ्ठा दोन्ही टोकांना लागू पडत नाही. तुमच्या तिरक्या रेघांचं मूळही याच गावातलं. प्रत्येक फ्रेममध्ये तारे थोडे थोडे एकाच दिशेला सरकतात, सेन्सरचे डाग जागेवर असतात, स्टॅक करताना तारे जुळवले की डाग त्या दिशेला ओघळतात. उपाय डिदरिंग: दर दोन-तीन फ्रेमनंतर माउंट मुद्दाम १२-१५ पिक्सेल कुठंही हलवायचं. मग डाग एकावर एक येत नाहीत आणि स्टॅकिंगचं सिग्मा रिजेक्शन (बाकी फ्रेमशी न जुळणारे पिक्सेल टाकणं) त्यांना उडवतं. डिदर नीट असेल तर डार्क सोडून दिले तरी चालतात. गाइड कॅमेरा येईपर्यंत नीनामध्ये डायरेक्ट गायडर निवडा, गायडिंगशिवायही डिदर होतं.

कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद आहे ना? चालू असेल तर अर्धी रात्र तो स्वतःच डार्क काढण्यात घालवतो.


टिळकवाडी_गच्ची

चालू होतं. आता बंद केलं. फोकसरला एकच स्क्रू आहे, हेही बरोबर ओळखलंत.

रोझेटचं सांगा की कुणीतरी.


सौंदत्ती_पठार

रोझेटचा उजेड जवळजवळ सगळा हायड्रोजन-अल्फाचा, ६५६.३ नॅनोमीटर, गर्द लाल. कारखान्यातून आलेल्या कॅननच्या सेन्सरपुढं जो फिल्टर असतो तो त्यातला साधारण चौथाईच आत सोडतो, कारण माणसांच्या फोटोत चेहरे लाल दिसू नयेत. त्यातही सेन्सरच्या बायर मांडणीत (रंगीत पिक्सेलच्या जाळीत) चारातला एकच पिक्सेल लाल. चौथाईची चौथाई. एम ४२ मध्ये ऑक्सिजनची हिरवट-निळी रेषा (५००.७) भरपूर आहे आणि तो मुळातच प्रचंड उजळ आहे, म्हणून तो कशानंही येतो. एम ४२ आला म्हणजे सामान बरोबर आहे असं कुणी समजू नये. अश्वशीर्ष, रोझेट, कॅलिफोर्निया हे तेजोमेघ खरे परीक्षक.

तेव्हा क्रम माझ्या मते: गायडिंग, मग मॉडिफिकेशन, मग जमलं तर फिल्टर. न बदललेल्या कॅमेऱ्यापुढं ड्युअल बँड लावलात तर ऑक्सिजन पूर्ण मिळेल, हायड्रोजन मात्र चौथाईच. वर एक्सपोजर पाच मिनिटांवर जाणार, आणि ते तुमचं माउंट गायडिंगशिवाय पेलणार नाही.

मॉडिफिकेशन शहरातल्या साध्या कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडं देऊ नका. सेन्सर ज्या स्क्रूंवर बसतो त्यांचे आटे जसेच्या तसे परत आले नाहीत तर सेन्सर तिरका होतो, म्हणजे आत्ताची शेपटी कायमची घरी आणली. आधी अशी कामं केलेल्याकडंच द्या. दिवसाच्या फोटोंना तो कॅमेरा नंतर तांबडा दिसणार, कस्टम व्हाइट बॅलन्स लावावा लागेल. घरात लग्न असेल तर ते उरकून मग द्या.


खानापूर_स्टेशन

क्रमाबद्दल थोडा वाद घालतो. पूर्वी रस्त्यावर पिवळे सोडियम दिवे होते, त्यांचा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपास गोळा झालेला, साधा सीएलएस फिल्टर तो कापायचा. आता सगळे पांढरे एलईडी, त्यांचा उजेड सगळ्या पट्ट्यात पसरलेला. गच्चीवरून ७ नॅनोमीटरच्या ड्युअल बँडशिवाय रोझेटची पाकळी सुटी होणार नाही. महिन्यातल्या वीस रात्री गच्चीवर काढणार असाल तर फिल्टर तिसरा नव्हे, दुसरा. मात्र कृत्तिका, एम ७८ असले परावर्तन तेजोमेघ त्या फिल्टरनं मरतात. त्यांचा उजेड ताऱ्यांचाच असतो, ठरावीक रेषांचा नसतो.


सौंदत्ती_पठार

वीस रात्री गच्चीवर काढूनही जांबोटीच्या दोन रात्रींची बरोबरी होत नाही, एवढंच म्हणतो. पेट्रोल हा सगळ्यात स्वस्त फिल्टर.

जागेचंही बघा. जांबोटी शहराच्या नैर्ऋत्येला, त्यामुळे बेळगावची झळाळी ईशान्येला राहते. मृग पूर्वेकडून उगवतो तेव्हा त्या उजेडाच्या कडेनंच येतो, म्हणून पहिले दोन तास सोडून द्या. एम ४२ इथून ३० अंशांच्या वर जवळपास साडेसात तास असतो, डिसेंबरच्या मध्यावर रात्री साडेबाराच्या सुमारास मध्यमंडळावर. घाई नाही. कणकुंबी-चोर्ल्याकडं आणखी अंधार, पण घाटमाथ्यावर दव आणि धुकं इतकं की दोनला नळी ओली. आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत रात्री थांबायचं नाही, गवे आणि अस्वलं आहेत. ओळखीच्या शेतात मालकाला विचारून थांबा.

पूर्वेला सौंदत्तीकडं हवा कोरडी, दव कमी, क्षितिज मोकळं. यल्लम्माच्या जत्रेची गर्दी पौर्णिमेला असते, त्या रात्री आपल्याला तसंही काम नसतं. निपाणी-चिकोडी-अथणी पट्टा मात्र गळीत हंगामात टाळा. कारखान्यांचे दिवे, ट्रॅक्टरांची वर्दळ आणि फडातलं पाचट पेटवल्याचा धूर. वर आकाश काळं दिसतं पण ३० अंशांखाली सगळं तांबूस.


निपाणी_बायपास

पाचटाबद्दल हरकत नाही, खरंच आहे. नोव्हेंबर ते मार्च आमची दुर्बीण गाडीतच असते.

दवाला: दुय्यम आरशामागं पाच रेझिस्टर, ३३० ओहम, १ वॅटचे, समांतर जोडून चिकटवा. १२ व्होल्टवर साधारण २.२ वॅट. तेवढं पुरतं, जास्त दिलं तर आरशासमोरची हवा गरम होऊन तारे फुगतात. नळीच्या तोंडाला काळ्या फोम शीटची २० सेंटिमीटर नळी वाढवा. ती वाऱ्याला शीड होते, तेव्हा वारा असेल तर आडोसा बघून उभं राहा.


हिंडलगा_०५

आता प्रोसेसिंग, कारण काळं चित्र बघून घाबरलेत.

काळं येणं बरोबर आहे. स्टॅक झालेलं चित्र लिनियर (न ताणलेलं) असतं, सगळा तेजोमेघ तळाच्या एक-दोन टक्क्यांत दडलेला. सिरिलमध्ये खाली दाखवण्याची पद्धत ऑटोस्ट्रेच करा, लगेच दिसेल. तो फक्त डोळ्यांसाठी असतो, चित्र बदलत नाही. पुढची निम्मी कामं चित्र लिनियर असतानाच करायची असतात.

स्टॅक करण्याआधी फ्रेम निवडा. रजिस्ट्रेशननंतर (तारे जुळवल्यावर) आलेखात एफडब्ल्यूएचएम (ताऱ्याची रुंदी) आणि गोलाई दिसते. सगळ्यात वाईट १०-१५ टक्के काढा. तुमच्या ९० पैकी साठ जातील असं दिसतंय, पण तो माउंटचा दोष. डार्क नसतील तर डार्कशिवायची स्क्रिप्ट वेगळी आहे ती वापरा, नाहीतर अडकून पडते. रिजेक्शन विन्सराइज्ड सिग्मा, ३ आणि ३.

मग कडा कापा. डिदरमुळं कडेच्या पट्ट्या अर्धवट फ्रेमच्या असतात, त्या राहिल्या तर पुढचं बॅकग्राउंड फसतं.

बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन (आकाशाची झळाळी वजा करणं) ही रोझेटची खरी मोडायची जागा. तुमची फ्रेम १.९७ बाय १.३१ अंश, रोझेट लांबीत जवळपास १.३ अंश. आखूड बाजू पूर्ण भरली. आपोआप ठेवलेले नमुना-चौकोन पाकळ्यांवर बसतात, सॉफ्टवेअरला वाटतं ही आकाशाची झळाळी, आणि ते तेजोमेघच वजा करतं. मग लोक म्हणतात रोझेट आला नाही. तुमच्या बाबतीतही थोडं असंच झालं असावं. तेजोमेघावरचे सगळे चौकोन हातानं काढा, फक्त चार कोपऱ्यांत आणि लांब बाजूच्या दोन टोकांना ठेवा, आणि पहिल्या अंशाचा बहुपदी वापरा, म्हणजे सरळ उतार. वाकडातिकडा उतार काढायला ग्रॅक्सपर्ट चांगलं, मोफत आहे, पण त्यालाही भरलेल्या फ्रेममध्ये स्मूदिंग जास्त द्या. कॅमेरा आधीच असा फिरवा की रोझेटची लांब बाजू फ्रेमच्या लांब बाजूशी जुळेल.

त्यानंतर प्लेट सॉल्व्ह (६५० आणि ४.३ हे आकडे भरा) आणि फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन. रंग ताऱ्यांच्या खऱ्या रंगांवरून बसतो, अंदाजानं लाल ओढायची गरज नाही. हिरवी झाक उरली तर रिमूव्ह ग्रीन नॉइज. नॉइज कमी करायचा तर इथंच, ताणण्याआधी, ग्रॅक्सपर्टमध्ये अर्ध्या जोरावर. पूर्ण जोर दिला तर रोझेटमधले काळे धुळीचे धागे मेणासारखे होतात.

स्टारनेटनं तारे वेगळे करा. ताऱ्यांशिवायचं चित्र जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेचनं चार-पाच हलक्या फेऱ्यांत ताणा, एका झटक्यात नाही. प्रत्येक फेरीत सिमेट्री पॉइंट हिस्टोग्रामच्या डोंगराच्या उजव्या उताराच्या पायथ्याशी ठेवा, कारण अंधुक पाकळ्या तिथंच असतात. काळा बिंदू कापू नका. आकाश ०.०८ ते ०.१ च्या दरम्यान राहू दे. एकदम काळं आकाश हवंहवंसं वाटतं, पण त्यात बाहेरच्या अंधुक पाकळ्या बुडतात. तारे वेगळे, कमी ताणून परत मिसळा. १६ बिट टिफ काढून गिंपमध्ये शेवटचा हात.

एम ४२ चा गाभा जळत असेल तर तो ताणताना सुधारत नाही, तिथं माहितीच नसते. ५ सेकंदांच्या ३०, ३० सेकंदांच्या ३० आणि मुख्य लांब फ्रेम असे तीन स्वतंत्र स्टॅक करा, एकमेकांशी जुळवा, आणि गिंपमध्ये मास्क लावून गाभा छोट्यातून घ्या. मास्कची कड भरपूर मऊ ठेवा, नाहीतर समलंबातल्या चार ताऱ्यांभोवती राखाडी कडं दिसतं.


टिळकवाडी_गच्ची

एकदम मुद्द्याचं. चौकोन आपोआपच ठेवत होतो, आणि पाकळ्यांवरच होते, आत्ता उघडून पाहिलं. जुनाच स्टॅक परत काढला, पाकळी पुसट का होईना दिसली. मग एक शेवटचं: जांबोटीत किती सेकंद, आयएसओ किती, एकूण किती वेळ?


हिंडलगा_०५

सेकंद कॅमेऱ्याच्या मागं बघून ठरवा. हिस्टोग्रामचा डोंगर डावीकडून चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यावर सुटा उभा राहिला की पुरे. गच्चीवर तो ६० सेकंदांतच तिथं पोचेल, त्याहून लांब काढून फक्त शहराचा उजेड साठतो. जांबोटीत गायडिंगसह १८० पासून सुरू करा. एम ४२ ला आयएसओ ८००, रोझेटला १६०० चालेल. १६०० वर ताऱ्यांचे रंग लवकर पांढरे होतात, म्हणून मी ८०० कडं झुकेन. एकूण वेळ चौपट केला की गोंगाट निम्मा. तुमचे दीड तास म्हणजे सुरुवात. न बदललेल्या कॅमेऱ्यानं रोझेटला सहा तासांखाली समाधान नाही. अमावास्येच्या आगेमागे दोन-तीन रात्री जोडा, कॅमेऱ्याचा कोन तोच ठेवा. प्रत्येक रात्रीचे फ्लॅट त्या रात्रीचेच.

फोकस बाहतिनोव्ह मास्कनं (नळीच्या तोंडावर लावायची, फोकस दाखवणारी जाळी), आणि तापमान दोन-तीन अंश उतरलं की पुन्हा.


खानापूर_स्टेशन

रोझेट संपला की मार्चपासून पहाटेचा धनु राशीतला पट्टा बघा. लगून तेजोमेघ इथून ५० अंशांवर चढतो, युरोपवाल्यांना तो क्षितिजालगत मिळतो. एप्रिलअखेर पहाटे चारच्या सुमारास मध्यमंडळावर असतो आणि उजेड व्हायच्या आत काही तास हाती लागतात. जूनमध्ये मध्यरात्री येतो खरा, पण तोवर आपल्याकडं पाऊस. नौकातल तारकासमूहातला कॅरिना तेजोमेघ १४ अंशांपर्यंतच जातो, दक्षिण क्षितिज मोकळं असेल तर मार्चच्या सुरुवातीला मध्यरात्री तासभर. त्यासाठी खानापूरच्या बाजूचं रान नको, सौंदत्तीचं पठारच बरं. एप्रिलमध्ये दुपारी ढग दाटलेले दिसले तर सामान काढू नका. वळीव येतो तेव्हा झाकायलाही वेळ देत नाही.